हातातलं तोंड

नवसूबाबांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव, गाव, जात, पगार यांतलं काहीच विचारलं नाही. मोखाड्याच्या शाळेत नेमणूक झाली म्हणून खोली शोधत मी त्यांच्या ओटीवर उभी होते. ते माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मी उगाच ओढणी सारखी केली. मग आत वळून बायकोला म्हणाले, "हिचं कपाळ शूर्पणखेला चालंल." आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी नाशिकची, इतिहास आणि चित्रकला शिकवणारी, शिवाय स्वतःला बऱ्यापैकी दिसणाऱ्यांत धरणारी. हे स्वागत मला झोंबलंच. पण बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते बोहाड्याचे मुखवटे करत. होळीनंतर त्या भागात देवादानवांची सोंगं नाचतात, एकेक सोंग एकेका घराण्याकडे असतं, आणि अर्ध्या तालुक्यातल्या सोंगांची तोंडं बाबांच्या हातची. त्यामुळे ते माणसाकडे बघत नसत, त्याच्या हाडांकडे बघत. पंचायत समितीतल्या एका साहेबांबद्दल त्यांचं एकच मत होतं, "त्याला हनुवटीच नाय. दाढी लावल्याबिगर भागायचं नाय." साहेबांचं बाकी कर्तृत्व त्यांच्या खिजगणतीत नव्हतं.

माझी खोली आणि त्यांची कामाची खोली यांच्यामध्ये कारवीच्या काड्यांचा कूड होता, शेणामातीने लिंपलेला. पलीकडची प्रत्येक हालचाल मला कळायची. आधी मातीचा साचा, मग त्यावर रद्दीचा भिजवलेला कागद, चिंचोक्याच्या खळीत बुडवून थरावर थर. खळीत मेथीची पूड, किडा लागू नये म्हणून. थर बसवताना ते डोळे मिटून घेत. मी एकदा विचारलं, बघितल्याशिवाय कसं कळतं? तर म्हणाले, "बघून केलं तं डोळं मधी मधी करतात."

मुखवट्याचे डोळे मात्र ते सगळ्यात शेवटी, आणि घेणारा दारात आल्यावरच कापत. तोवर ती तोंडं मिटल्या पापण्यांनी भिंतीवर टांगलेली असत. टांगायची तीही भिंतीकडे तोंड करून. कारण विचारायची सोय नव्हती. "कोनाची नाय त्या तोंडानं कोनाला बघू नये," एवढंच उत्तर मिळे.

दुसरा नियम जुन्या मुखवट्यांचा. मुखवटा विरला, वाळवी लागली, की तो जाळायचा नाही, डकवायचा नाही, ओढ्यात सोडायचा. एका मुंबईच्या पाहुण्याने जुना मुखवटा काचेच्या पेटीत ठेवायला मागितला तेव्हा बाबा त्याला हसले होते. "कुजला पायजे. जुना नाय कुजला तं नव्याला नाचू कोन देल?" मोखाड्यात हे पटायला वेळ लागत नाही. तिथे पावसाळ्याचे चार महिने चपलेवर, पुस्तकावर, भिंतीवर बुरशी येते. माझी पदवीची सनद दोन वर्षांत हिरवी झाली.

अशा गावात मी मुलांना इजिप्त शिकवत होते.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी गणपतीचा मुखवटा द्यायला बाबा वर्गात आले, तेव्हा फळ्याशेजारी मी रंगवलेला तक्ता लावलेला होता. पट्ट्यांत गुंडाळलेलं प्रेत, त्याच्या तोंडावर सोनेरी मुखवटा. बाबा गणपती हातात धरूनच तक्त्यासमोर उभे राहिले. संध्याकाळी ओटीवर त्यांनी मला पकडलं. मेलेल्याला मुखवटा कशाला?

मला सांगायला आवडतं, हा माझा दुर्गुण आहे. मी सगळं सांगितलं. शरीर कुजलं की माणूस दुसऱ्यांदा मरतो, आणि त्यातून सुटका नाही, असं ते लोक मानत. म्हणून प्रेत चाळीस दिवस खारात घालून सुकवत. मेंदू नाकातून ओढून टाकून देत, काळीज मात्र जागच्या जागी ठेवत. कारण पुढे त्याचं वजन व्हायचं असे, एका पारड्यात काळीज, दुसऱ्यात पीस. काळीज जड भरलं तर मगरीच्या तोंडाचं एक जनावर ते खाऊन टाकी.

"मेंदू टाकला ते बराबर केलं," बाबा म्हणाले. "त्याचा काय उपेग नाय."

जानकीआय, त्यांची बायको, तांदूळ निवडत ऐकत होती. ती सूर्यमाळची. उन्हाळ्यात तांब्याभर पाण्यात दिवस काढणाऱ्या पाड्यात वाढलेली, बोलायलाही जपून. ती म्हणाली, "सुक्या बोंबलासारखं माणूस ठेवायचं. आन पावसाळ्यात मिठाला पाणी सुटंल तवा?"

तिकडे पाऊसच पडत नाही, असं मी सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं. "मग त्यांना जायाचंच नसंल," ती म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. आणखी एकजण हसला, दारात बसून मोबाईल बघणारा त्यांचा मुलगा दशरथ. चोवीस-पंचवीसचा, निमुळत्या तोंडाचा, गाल बसलेला. बापाचं काम त्याने उचललं नव्हतं. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली की इथली बरीच पोरं समुद्रावर बोटींवर खलाशी म्हणून जातात, तसा तोही जायचा. आठ-नऊ महिने पाण्यावर, मधे चार दिवस घरी, तसा तेव्हा आलेला.

त्याच वर्षी माघात फोन आला. जाळं ओढताना दोघे पाण्यात गेले होते, दशरथ आणि विक्रमगडकडचा काळू म्हणून एक. नऊ दिवसांनी त्यातला एक किनाऱ्याला लागला. बाबा चुलतभावाला घेऊन गेले. तिथे त्यांना प्रेत दाखवलं नाही, दाखवण्यासारखं नव्हतंच म्हणे. वेगळा काढून ठेवलेला शर्ट दाखवला. निळ्या चौकड्यांचा, आणि दुसरं बटण लाल दोऱ्याने लावलेलं. ते बटण जानकीआयनेच लावलं होतं, कारण त्या दिवशी घरात निळा दोरा नव्हता. बाबांनी सही केली.

रुग्णवाहिका मोखाड्यात आली तेव्हा मी रस्त्यावर उभी होते. मागचं दार उघडलं. बाबा खाली बसलेले, मांडीवर जाड प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं डोकं, आणि त्यांचे दोन्ही तळवे त्या प्लॅस्टिकवर पसरलेले. घाटाच्या वळणांवर डोकं आपटू नये म्हणून चार तास त्यांनी ते तसं धरून ठेवलं होतं. गाठ सोडायची नाही अशी सक्त ताकीद होती. जानकीआयने पायांना हात लावला. मग दिवस मावळायच्या आत जाळलं.

पुढचं जे झालं त्यात माझा हात आहे. ते मी लपवणार नाही.

मेलेल्याचा दिवस घालायचा होता. त्या कार्यानंतरच जीव घरातून निघून पूर्वजांत जातो, असं तिथे मानतात. पीक हाती आलं की पुढेमागे घातला तरी चालतो, पण जानकीआयला घाई होती. पोरगं पाण्यात भिजलं, आगीत भाजलं, आता दारात ताटकळत ठेवू नका, असं तिचं म्हणणं. बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. एका दुपारी ते माझ्या दारात आले, उंबऱ्याबाहेरच बसले.

"बाई, तुमच्या त्या लोकांत जीव परत येतो म्हणालात. तो आपलं अंग कसं वळखतो?"

ज्या बाईला थोडी अक्कल असती ती म्हणाली असती, बाबा, त्या गोष्टी आहेत. मी म्हणाले, त्यांच्यात जीव माणसाचं तोंड असलेल्या पाखरासारखा असतो, दिवसा उडतो आणि परत शरीराकडे येतो. तोंड कुजलं असलं तर त्याला कळत नाही, म्हणून ते वरती मुखवटा घालतात.

"आन मुखवटा नसला तं?"

"मग भटकतो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कुडापलीकडे माती मळल्याचा आवाज आला. बोहाडा तोंडावर आला होता, दोन घराण्यांचे मुखवटे अडले होते, माणसं येऊन रिकाम्या हाताने परत जात होती. बाबा फक्त एक तोंड करत होते. त्यांना दशरथचं तोंड करायचं होतं. त्याच्या जिवाला ते ओळखता यावं म्हणून, आणि मगच दिवस घालायचा.

पंधरा दिवसांनी जानकीआयची हाक आली. नेहमीची नव्हती ती हाक. मी गेले तर ती दाराला टेकून उभी होती. आत पाटावर मुखवटा ठेवलेला. मिटलेल्या पापण्या, रुंद जबडा, बसकं नाक, डाव्या भुवईच्या वर बोट बसेल एवढी खोक. चांगला तिशी ओलांडलेला माणूस.

"ह्यो कोन?" जानकीआयने विचारलं.

बाबांनी मुखवटा उचलला, डोळ्यांनी नीट पाहिला, आणि मला वाटतं तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. मग त्यांनी दशरथचा फोटो मागितला. आधार कार्डाचा होता, तो समोर ठेवून पुन्हा माती मळली. आठ दिवस मी कुडाला कान लावून असे, सांगायला लाज वाटते, पण असे. दुसरा मुखवटा झाला. तोच जबडा, तेच नाक. खोकही तिथेच.

तिसऱ्या वेळी मी समोर बसले होते. रविवार, भर दुपार. मातीचा साचा दशरथचा होता. मी चित्रकला शिकवते, मला कळतं. निमुळती हनुवटी, खोल गाल, सगळं बरोबर. मग बाबांनी डोळे मिटले आणि शेवटचा हात फिरवायला घेतला. माझ्या देखत ती हनुवटी रुंद होत गेली. गाल भरले. अंगठा डाव्या भुवईवर गेला आणि तिथे दाबला गेला. मी काही म्हणायच्या आत साच्यात तो माणूस आला होता. बाबांनी डोळे उघडले आणि हात मांडीवर पुसले.

"हात ऐकत नाय," ते म्हणाले.

तीन मुखवटे भिंतीकडे तोंड करून टांगले गेले. जानकीआय त्या खोलीत जाईना. स्वयंपाकाचं सामान तिने माझ्याकडे आणलं. मला विचाराल तर मीही महिनाभर नीट झोपले नाही. कुडाच्या पलीकडे कुणीतरी आहे आणि तो आपला नाही, ही भावना जात नव्हती. खरं म्हणजे कारण समजायला हवं होतं. मला समजलं नव्हतं, आणि बाबांना समजलं असेल तर ते तोंडातून काढत नव्हते.

होळी झाली. एका बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई ओटीपाशी आली. पस्तिशीची, चालून दमलेली, हातात पिशवी. आपण विक्रमगडकडून आलो, बोटीवर बुडालेल्या काळूची मोठी बहीण, असं तिने सांगितलं. त्यांच्याकडे कुणीच आलं नव्हतं, काळूचं काही लागलंच नाही असा निरोप होता. पण होळीला घरी आलेला एक खलाशी बोलून गेला. बोटीवर सगळ्यांचे कपडे एकाच दोरीवर वाळतात, ज्याच्या हाताला जो लागेल तो घालतो. त्या दिवशी काळूच्या अंगात दशरथचा शर्ट होता, निळ्या चौकडीचा.

"मी भांडाया नाय आली, बाबा," ती म्हणाली. "इचारायाला आली."

बाबा उठले. आतून पहिला मुखवटा आणला आणि तिच्यापुढे धरला, तोंड तिच्याकडे करून. ती खाली बसली. बराच वेळ बघत राहिली, मग हात लांब करून भुवईवरच्या खोकेत बोट ठेवलं. बोट बरोबर बसलं.

"आंब्यावरून पडला व्हता," ती म्हणाली. "मीच चढवला व्हता."

बाजारातून जीपवाल्यांची ओरड ऐकू येत होती. मग बाबा बोलायला लागले, तिच्याशी नाही, स्वतःशीच असावेत. "जल्मभर सोंगं केली. कपड्यावरून मानूस वळखू नये हे मना कळाया पायजे व्हतं. पोराटोरांना कळतं. कापडं रावनाची असली म्हनून आत रावन नसतो. आन मी बटन बघून सही केली." त्यांनी तळहात समोर धरले. "ह्यांना गाडीतच कळलं व्हतं. चार तास कळत व्हतं. मी ऐकलं नाय."

बहिणीने मुखवटा मागितला. घरी दिवस घालायचा तर जवळ ठेवायला काहीतरी हवं होतं, राख तर इथल्या ओढ्यात गेली होती. बाबांनी सुरी आणली. घेणारा दारात आला होता. त्यांनी तिच्यासमोर, भर उजेडात, त्या मिटल्या पापण्या कापून डोळे उघडले. ती रडली नाही. मुखवट्याचे डोळे उघडले तेव्हा मला मात्र राहवलं नाही, मी तोंड फिरवलं.

जाताना तिने जानकीआयच्या पायांना हात लावला. "माझा भाऊ तुम्ही पोचवलात," ती म्हणाली. मग थांबून, कुणाकडेच न बघता, "तुमचा?"

त्या प्रश्नावर मी परत एकदा तोंड उघडलं. बाबांसाठी असेल किंवा स्वतःच्या अपराधासाठी. मी म्हणाले, इजिप्तच्या त्या लोकांत एक रीत होती. नदीत बुडालेला माणूस ज्या गावाला लागेल, त्या गावाने तो परका आहे असं म्हणायचं नाही. त्याचं सगळं त्यांनी करायचं, आणि चांगल्यातलं चांगलं करायचं. बुडालेला माणूस देवाचा समजत, नातेवाइकांनासुद्धा त्याला हात लावू देत नसत.

बाबांनी हे दोनदा सांगायला लावलं. "मग त्याचंबी कोनी केलं असंल," ते म्हणाले. दशरथचं नाव त्यांनी घेतलं नाही.

उलटंच झालं मग. जानकीआय दिवस घाला म्हणून मागे लागायची, ती आता तो विषय काढू देईना. जळालेला आपला नव्हता म्हणजे आपला मेला कशावरून, असं तिचं साधं गणित. ती रोज संध्याकाळी तिसरं ताट वाढायला लागली. नागलीची भाकरी, आमटी, कांदा. सकाळी ते ताट शेळीपुढे जायचं. बाबांना दिवस घालायचा होता, तिला नको होता, आणि त्यांचा त्यावरून एकदाही वाद झाला नाही. दोघं त्या ताटाच्या दोन बाजूंना जेवत.

उरलेले दोन मुखवटे बाबांनी ओढ्यात सोडले. त्यांनी दशरथचं तोंड परत करून बघितलं नाही. मी एकदा म्हटलं, आता तो माणूस गेला, आता तुमचे हात मोकळे आहेत. त्यावर ते जे म्हणाले ते मी विसरणार नाही. "काळूचं तोंड हातात आलं कारन मी ते धरलं व्हतं. माझ्या दशऱ्याचं कवा धरलं? तान्हा व्हता तवा धरलं असंल. मोठा झाला आन त्याच्या तोंडाला हात लावाया लाज वाटली. हातात नाय तं कुठून येल?"

पुढच्या वर्षी आवणी उरकल्यावर एक गोष्ट सुरू झाली. ती कुणी ठरवली, मला सांगता येणार नाही. बोटीवर जाणारी पोरं निघण्याआधी बाबांच्या ओटीवर येऊ लागली. बरीचशी आईने ढकललेली, हातात बॅग, कानात इअरफोन. एकेकजण पाटावर बसे. बाबा डोळे मिटून दोन्ही तळवे त्याच्या तोंडावर ठेवत, कपाळ, भुवया, नाक, जबडा, कानाच्या मागचं हाड. सावकाश. पोरं आधी खिदळत, मग गप्प होत. झालं की बाबा म्हणत, "जा." आया लांब उभ्या राहून बघत. हे कशासाठी आहे ते त्या ओटीवर कुणी बोलून दाखवलेलं मी ऐकलं नाही. बाबांनी नव्या मुखवट्यांची कामं घेणं तेव्हाच बंद केलं. हातात जागा राहत नाही म्हणाले.

चार वर्षांनी माझी बदली पालघरला झाली, शाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. निघायच्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले. जानकीआयने वाटेसाठी भाकरी बांधून दिली. बाबा आता थकले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. मी पाया पडले तर त्यांनी पाट पुढे सरकवला.

"बसा, बाई."

मी म्हणाले, बाबा, मी काही बोटीवर जात नाही, मी शिकवायला जाते आहे.

"पानी हाय ना तिथं," ते म्हणाले.

मी बसले आणि डोळे मिटले. त्यांचे तळवे खरखरीत आणि थंड होते. कपाळावरून खाली आले, पापण्यांवर थांबले, नाकावरून गालांवर गेले, जबड्याच्या कडेने कानामागे. दाब असा होता की कातडीच्या आत काय आहे ते त्यांना लागत होतं, आणि मलाही. माझ्याच तोंडाची हाडं मला पहिल्यांदा कळत होती. ओरडावंसं वाटलं, आणि हात काढू नयेत असंही वाटलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. जानकीआय दारात येऊन बघत असणार.

"तुमचं ठेवलं," बाबा म्हणाले. "आता कायबी घालून फिरा."

जीपमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. धूळ येत होती, डोळे चुरचुरत होते. जव्हार मागे पडेपर्यंत मी तोंडावरून रुमाल फिरवला नाही.